लवकर निजे, मगच लवकर उठे

बरकतपुऱ्याच्या चमनाजवळून पहाटे पाचच्या सुमारास जाणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. रस्त्यावरचे दिवे अद्याप जळत असतात, दुधाच्या पिशव्या घरोघर टाकणारी पोरे सायकलींवरून फिरत असतात, आणि पाठीला रॅकेटची लांबट पिशवी अडकवलेली मुलेमुली वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून कोठेतरी निघालेली असतात. कोणी नारायणगुड्याच्या वाय. एम. सी. ए.च्या बास्केटबॉल मैदानाकडे, कोणी लालबहादूर स्टेडियमकडे, तर कोणी थेट वीस किलोमीटरवरच्या गच्चीबावलीकडे. ह्यांतील कितीतरी मुले वडिलांच्या पाठीवर डोके टेकून पेंगत असतात.

हे पाहून कौतुक वाटते, आणि ते वाटणे योग्यच आहे. मुलांनी मैदानावर जावे, घाम गाळावा, हार-जीत पचवावी, ह्यासारखे दुसरे शिक्षण नाही. त्यासाठी स्वतःची झोप मोडून स्कूटर बाहेर काढणारे आईबापही धन्य होत. पण त्या पेंगणाऱ्या डोळ्यांविषयी आज आम्हांस काही लिहावयाचे आहे. पुष्कळ घरांत मुलांच्या खेळासाठी पैसा, वेळ, दूध, बदाम, बूट असे सारे काही पुरविले जाते; पण जिच्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही ती झोप मात्र त्यांच्याकडून रोज थोडीथोडी काढून घेतली जाते. हे कोणी मुद्दाम करीत नाही. कोणाच्या लक्षात येत नाही, एवढेच.

आमचे शहर खेळाचे शहर आहे. बरकतपुऱ्यास लागूनच असलेल्या काचीगुड्याच्या शाळेत सय्यद अब्दुल रहीम हे शिक्षक म्हणून काम करीत. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताच्या फुटबॉल संघाने १९५१ साली दिल्लीस आणि १९६२ साली जकार्त्यास आशियाई स्पर्धांचे सुवर्णपदक मिळविले. अलीकडच्या काळात पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली आणि २००८ साली गच्चीबावलीस आपली अकादमी उघडली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या साईना नेहवालने २०१२ साली लंडनला कांस्यपदक मिळविले, तर पी. व्ही. सिंधूने २०१६ साली रिओला रौप्यपदक मिळविले. तेव्हापासून ह्या शहरात ज्या घरी चपळ मूल आहे, त्या घरी रॅकेट आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

ह्या यशाबरोबर एक कथाही घरोघर पोहोचली. सिंधू लहानपणी सिकंदराबादेहून रोज गच्चीबावलीस जाई, तिचा सराव सूर्योदयापूर्वीच सुरू होई, ही ती कथा. ती खरी आहे. परंतु आईबापांच्या मनात तिचे एकच टोक रुतून बसले: पहाटे चारला उठविले की मूल मोठे होते. ह्याच मुलीचा मोबाईल रिओच्या आधी तीन महिने तिच्याजवळ नव्हता, असे गोपीचंद यांनी अंतिम सामन्यानंतर स्वतःच सांगितले होते. तिचे आईवडील दोघेही व्हॉलीबॉलचे खेळाडू होते. खेळाडूच्या शरीरास काय लागते हे त्या घरास सांगावे लागत नव्हते. ह्या गोष्टींकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आपल्याकडे ‘लवकर निजे, लवकर उठे’ ही म्हण प्रत्येक मुलास पाठ असते. तिचे दोन भाग आहेत आणि पहिला भाग पहिल्या जागी आहे, हे मात्र आपण विसरलो आहोत.

दिवसाचा जमाखर्च

सातवी-आठवीत शिकणाऱ्या, तेरा वर्षांच्या एखाद्या मुलीचा दिवस नमुन्यादाखल मांडून पाहू. पहाटे सव्वाचारला उठणे. पाच ते सात सराव. घरी येऊन आंघोळ, न्याहारी, साडेआठला शाळा. चारला शाळा सुटते, पाच ते सात शिकवणी. त्यानंतर शाळेचा गृहपाठ. साडेनऊला घरची सर्व मंडळी जेवावयास बसतात. जेवणानंतर दप्तर भरणे, गणवेशास इस्त्री, थोडा वेळ मोबाईल. अंथरुणास पाठ लागते ती पावणेअकराला. म्हणजे झोप साडेपाच तास.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांनी चोवीस तासांत आठ ते दहा तास झोपावे, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांनी नऊ ते बारा तास, अशी शिफारस अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन ह्या संस्थेने २०१६ साली केली. आमच्या नमुन्यातील मुलीस सर्वांत कमी म्हणजे आठ तासच लागतात असे धरले, तरी रोज अडीच तासांची तूट येते. सरावाच्या सहा दिवसांत ही तूट पंधरा तासांची होते. पंधरा तास म्हणजे जवळजवळ दोन पूर्ण रात्री. दर आठवड्यास दोन रात्री मुळीच न झोपलेल्या मुलीस कोणी शर्यतीत उतरविणार नाही. पण तीच तूट थोडीथोडी करून झाली की ती कोणाच्या डोळ्यांस दिसत नाही.

‘तिला आता सवय झाली आहे’ असे उत्तर पुष्कळ आया देतात. ह्या उत्तरावर शास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिला आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगात निरोगी प्रौढांस सलग चौदा दिवस ठराविक तासच झोपू दिले. ज्यांस रोज सहा किंवा चार तास मिळाले, त्यांची सावधानता दिवसेंदिवस घसरत गेली, आणि शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांच्या पातळीस जाऊन पोहोचली. नवल असे की, त्या मंडळींस स्वतःला मात्र ‘थोडी झोप येते, बाकी ठीक आहे’ असेच वाटत होते. झोपेची तूट मोजण्याचे मापच झोपेअभावी बिघडते. तेव्हा मूल तक्रार करीत नाही, ह्यावरून त्याची झोप पुरी होते असे अनुमान काढणे धोक्याचे आहे.

झोपेत काय घडते

झोप म्हणजे शरीराचे नुसते बंद पडणे नव्हे. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन ह्या दोघांनी असे दाखविले की, झोपलेल्या माणसाचे डोळे ठराविक अंतराने पापण्यांखाली वेगाने हलू लागतात. त्यानंतरच्या संशोधनाने झोपेच्या निरनिराळ्या पायऱ्या उघड केल्या. प्रौढ माणसाच्या रात्रीत सुमारे दीड-दीड तासाचे चार-पाच फेरे होतात. त्यांत गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, आणि डोळे हलण्याची, स्वप्नांची झोप पहाटेच्या भागात जास्त असते.

ह्या दोन्ही भागांचे काम वेगवेगळे आहे. गाढ झोपेत शरीराची वाढ करणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणात रक्तात येते. दिवसभराच्या सरावाने स्नायूंत जी झीज होते, तिची डागडुजी करण्यास ह्या विश्रांतीची गरज असते. सरावाने शरीर बळकट होते असे आपण म्हणतो, पण नीट पाहिले तर सराव शरीरास थकवितो, आणि त्या थकव्यातून सावरताना शरीर पूर्वीपेक्षा बळकट होते. सावरण्यास वेळच दिला नाही, तर फक्त थकवा शिल्लक राहतो.

दुसरे काम मेंदूचे. शटल कोठे पडेल हे ओळखून पाऊल टाकणे, बास्केटकडे हात वळविणे, चेंडू पायाने थांबविणे, ह्या हालचाली दिवसा शिकल्या जातात आणि झोपेत मेंदूत पक्क्या होतात. बोटांच्या ठराविक हालचालींचा क्रम शिकविलेल्या माणसांवर २००२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी प्रयोग केला. दिवसभर जागे राहून पुन्हा परीक्षा दिली तेव्हा त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. रात्रीच्या झोपेनंतर मात्र, मध्ये कोणताही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे वीस टक्के वाढला. आता जे मूल पहाटे चारला उठविले जाते, त्याच्या रात्रीचा शेवटचा भाग कापला जातो, आणि उशिरा निजल्यामुळे एकूण झोपही आखडते. म्हणजे काल शिकलेला फटका पक्का होण्याआधीच आपण त्यास आज नवा फटका शिकावयास पाठवितो.

मैदानावरची साक्ष

कोणी म्हणेल, ही प्रयोगशाळेतील बोटे झाली, खेळाचे काय? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात चेरी माह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बास्केटबॉल संघातील अकरा खेळाडू घेतले. काही आठवडे त्यांस नेहमीप्रमाणे झोपू दिले, आणि नंतर पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणावर काढण्यास सांगितले. बाकी सराव चालूच होता. ह्या काळाच्या शेवटी, २८२ फुटांच्या धावण्यास त्यांना पूर्वी सरासरी १६.२ सेकंद लागत ते १५.५ लागू लागले, आणि बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची अचूकता सुमारे नऊ टक्क्यांनी वाढली. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. खेळाडू अकराच होते आणि तुलनेसाठी दुसरा संघ नव्हता, हे लक्षात ठेविले पाहिजे. सर्व सुधारणा झोपेमुळेच झाली असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तरीही, ज्या खेळाडूंस आपली झोप पुरेशी वाटत होती, त्यांच्यातही सुधारणेस एवढा वाव होता, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

दुसरी साक्ष आईबापांच्या काळजास अधिक भिडणारी आहे. लॉस एंजेलिस येथील सातवी ते बारावीच्या ११२ खेळाडू विद्यार्थ्यांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. जी मुले रात्री सरासरी आठ तासांपेक्षा कमी झोपत, त्यांस दुखापत होण्याचे प्रमाण पुरेशी झोप घेणाऱ्यांच्या १.७ पट होते. अशा पाहणीवरून झोप हेच एकमेव कारण ठरत नाही. पण घोटा मुरगळणे, गुडघा दुखावणे, खांदा धरणे, ह्यांसाठी आपण तेल, पट्टा, मालीश, क्ष-किरण असे सर्व काही करतो. त्याच यादीत मुलाची झोप किती झाली हा प्रश्नही असावा, एवढे तरी ह्यावरून म्हणता येते. कोवळ्या वयातील एक मोठी दुखापत मुलाचा खेळ कायमचा संपवू शकते.

एका रात्रीचे भय नको

आता जे सांगावयाचे आहे ते खास मुलांसाठी. उद्या सामना आहे आणि आज डोळ्यास डोळा लागत नाही, असा अनुभव पुष्कळांस येतो. मग झोप आली नाही ह्याच भीतीने उरलेली झोपही उडून जाते. बाळांनो, ह्यात तुम्ही एकटे नाही. जर्मनीत ६३२ खेळाडूंस ह्याविषयी विचारण्यात आले, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश खेळाडूंनी गेल्या वर्षभरात निदान एकदा तरी महत्त्वाच्या सामन्याआधीची रात्र वाईट गेल्याचे सांगितले. आणि संशोधन असेही सांगते की, एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने शरीराची निव्वळ ताकद फारशी घटत नाही. एकच जोराचा धक्का द्यावयाचा असेल तर तो देता येतो. बिघडते ते दीर्घकाळ टिकून राहणे, नेमकेपणा, चटकन निर्णय घेणे आणि मनाचा उत्साह. आणि हेही एका रात्रीपेक्षा अनेक रात्रींच्या तुटीने अधिक बिघडते.

म्हणून सामन्याच्या आदल्या रात्रीची चिंता करू नये. सामन्याच्या आधीच्या आठवड्याची करावी. ज्याने सहा रात्री पुरी झोप घेतली आहे, त्याची सातवी रात्र थोडी तळमळत गेली तरी शिदोरी शिल्लक असते. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, घरातील लग्न, पाहुण्यांची वर्दळ, अशा प्रसंगी एखादी रात्र जागून काढावी लागते. तीही आनंदाने काढावी. नियम मोडल्याने अपाय होत नाही. नियमच नसल्याने होतो.

तालमीची शिस्त

हे सर्व पाश्चात्त्यांकडून शिकावयास हवे असे मुळीच नाही. कोल्हापूरच्या तालमी पाहा. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ह्या तालमींत खेड्यापाड्यांतून आलेली पोरे राहतात आणि तेथेच लहानाची मोठी होतात. तेथेही पहाटे, काळोख असतानाच, लाल मातीत उतरावे लागते. आमच्या बॅडमिंटनच्या मुलांपेक्षा पैलवानाची पहाट सौम्य नसते. पण तालमीचा दिवस पुढे कसा जातो ते पाहण्यासारखे आहे. सकाळचा सराव झाला की थंडाई, खुराक, आंघोळ, जेवण. आणि त्यानंतर दुपारची झोप. दुपार कलली की पुन्हा जोर-बैठका. दिवेलागणीनंतर लवकर जेवण, आणि शहर जागे असतानाच पैलवान अंथरुणावर. दुपारी निजलेल्या पोरास कोणी आळशी म्हणत नाही. वस्तादाच्या लेखी ती झोप खुराकाइतकीच कामाची असते.

आपल्या वाडवडिलांची वामकुक्षीही ह्याच जातीची. तिची परीक्षा आता शास्त्रीय रीतीनेही झाली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात, रात्री चारच तास झोपलेल्या दहा तरुणांस दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास निजू दिले. न निजता नुसते बसून राहिलेल्या दिवसापेक्षा, निजलेल्या दिवशी ते वीस मीटर अधिक वेगाने धावले आणि त्यांची सावधानताही अधिक होती. अर्थात वामकुक्षी ही रात्रीच्या झोपेची उसनवारी आहे, तिची जागा घेणारी नव्हे. शाळेच्या मुलांस ती रोज शक्यही नाही. पण सुट्टीच्या दिवशी, किंवा पहाटे सराव आणि संध्याकाळी सामना असेल त्या दिवशी, दुपारी वीस-तीस मिनिटे पडू द्यावे. तास-दोन तास निजू दिले तर रात्रीची झोप लांबते.

तालमीत आणि आपल्या घरात मोठा फरक हा की, तालमीत पहाटेचे उठणे आणि रात्रीचे निजणे एकाच वस्तादाच्या हाती असते. आमच्या मुलांची पहाट प्रशिक्षकाच्या हाती, दिवस शाळेच्या हाती, संध्याकाळ शिकवणीच्या हाती, आणि रात्र दूरचित्रवाणीच्या व मोबाईलच्या हाती. प्रत्येक जण आपापला तास पुरा घेतो. सर्वांचे घेऊन जे उरते, ते झोपेच्या वाट्यास येते.

वयाचे घड्याळ

आणखी एक गोष्ट आईबापांस ठाऊक असावी. तेरा-चौदाव्या वर्षी मुलास रात्री लवकर झोप येईनाशी होते आणि सकाळी उठवत नाही. ह्यास आपण हट्ट किंवा आळस म्हणतो. पण ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकॅडन आणि इतरांनी अनेक वर्षांच्या संशोधनाने असे दाखविले आहे की, वयात येताना शरीरातील घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. मोबाईल त्यात भर घालतो हे खरे, पण मूळ बदल निसर्गाचा आहे.

ह्याची दखल आता सरकारेही घेऊ लागली आहेत. कॅलिफोर्निया राज्यात २०२२ सालापासून बहुतेक माध्यमिक विद्यालये सकाळी साडेआठच्या आधी भरविता येत नाहीत, असा कायदा आहे. महाराष्ट्रातही डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी लहान मुलांच्या अपुऱ्या झोपेचा प्रश्न जाहीरपणे मांडला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश शासनाने काढला. शाळेचा वर्ग सकाळी सातला नको असे जेथे ठरते, तेथे खेळाचा वर्ग पहाटे पाचला, तोही आठवड्यातून सहा दिवस, असावा काय, हा प्रश्न विचारण्यास हरकत नसावी.

प्रशिक्षकांची बाजूही आम्ही समजून घेतली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये आमच्या शहरात पारा चाळीस अंशांस टेकतो. मैदानी खेळ पहाटेच होऊ शकतात. मैदाने आणि कोर्टे थोडी, मुले फार. शाळेआधी एक तुकडी आणि शाळेनंतर दुसरी, असे करावेच लागते. म्हणून पहाटेचा सराव सरसकट वाईट असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या घराने पहाटे पाचची वेळ स्वीकारली, त्या घराने रात्री साडेआठची वेळही त्याच दिवशी स्वीकारली पाहिजे.

घराने काय करावे

सव्वाचारला उठावयाचे आणि आठ तास निजावयाचे, तर सव्वाआठला डोळे मिटले पाहिजेत. हा आकडा ऐकूनच पुष्कळ घरे हबकतील. त्यासाठी जेवण सव्वासातला हवे, शिकवणी संध्याकाळच्या आधी संपावयास हवी, आणि आठनंतर घरात आवाज कमी हवा. दोन खोल्यांच्या घरात हे सोपे नाही. आजोबांच्या बातम्या, वडिलांचे उशिरा घरी येणे, धाकट्याचा अभ्यास, ह्या सर्वांतून वाट काढावी लागते. पण हीच ह्या लेखाची मुख्य गोष्ट आहे: पहाटे उठणे हे मुलाच्या निर्धारावर होऊ शकते, रात्री लवकर निजणे सर्व घराने मनावर घेतल्याशिवाय होत नाही. मुलास ‘झोप’ म्हणून सांगावयाचे आणि त्याच खोलीत मालिका लावून बसावयाचे, ह्याचा उपयोग नाही.

ज्या घरास इतके जमणार नाही, त्याने प्रशिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे. सहाऐवजी तीन पहाटा आणि दोन संध्याकाळी चालतील काय, असे विचारावे. मुलाच्या झोपेविषयी विचारणाऱ्या पालकाचा जाणत्या प्रशिक्षकास राग येणार नाही. उत्तर नकारार्थी आले, तर दोनपैकी एक शिकवणी सोडावी, किंवा घराजवळ संध्याकाळी खेळविणारा संघ शोधावा. तेरा वर्षांच्या मुलाचा एक मोसम मागे पडला तरी तो भरून काढता येतो.

मुलींविषयी निराळे सांगावेसे वाटते. एकाच घरात भाऊ आणि बहीण दोघेही खेळतात. रात्री जेवणे झाली की भाऊ अंथरुणावर जातो, आणि बहीण ताटे उचलते, ओटा पुसते, उद्याचे डबे काढून ठेविते. पहाटे दोघांसही एकाच वेळी उठविले जाते. अर्ध्या तासाचे काम म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पण आठवड्यास ते तीन तास होतात, आणि ते तिच्या झोपेतून जातात. हे काम दोघांनी वाटून घ्यावे, किंवा सरावाच्या दिवसांत वडीलधाऱ्यांनी उचलावे.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण त्यांचा गुण मोठा आहे. मोबाईल रात्री मुलाच्या उशाशी नसावा; गजरासाठी साधे घड्याळ आणावे. काचीगुड्याच्या नाक्यावरचा इराणी चहा थोर खरा, पण तो मुलांनी संध्याकाळी पिऊ नये. चहा-कॉफीतील कॅफीन निम्मे उतरण्यास सुमारे पाच तास लागतात. थंड पेयांच्या नावाखाली शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांतही हेच द्रव्य असते. निजण्याची खोली शक्य तितकी काळोखी व हवेशीर असावी. रविवारी तासभर जास्त निजू द्यावे. पण मूल दर रविवारी दुपारपर्यंत उठत नसेल, वर्गात पेंगत असेल, चिडचिड करीत असेल, हाक मारल्याशिवाय कधीच जागे होत नसेल, तर ती तुटीची खूण समजावी. मूल मोठ्याने घोरत असेल आणि झोपेत त्याचा श्वास मधूनमधून अडत असेल, तर डॉक्टरांस दाखवावे. झोपेच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने कधीही देऊ नयेत.

स्पर्धा भरविणाऱ्या मंडळींसही एक विनंती आहे. नांदेड, परभणी, औरंगाबाद ह्या भागांशी आमच्या मराठी कुटुंबांचा रेल्वेने जुना संबंध आहे, आणि खेळाचे संघही काचीगुड्याहून रात्रीच्या गाडीनेच तिकडे जातात. आरक्षण अपुरे, दोघांत एक बाक, मध्यरात्री स्टेशनांवरचा गोंगाट. आणि उतरल्यावर सकाळी सातला पहिला सामना. गावाबाहेरून येणाऱ्या संघांचे सामने दुपारी ठेवावेत, किंवा त्यांस आदल्या दिवशी बोलावून साधी सतरंजी अंथरलेली एखादी खोली द्यावी. ह्यास फार खर्च येत नाही, आणि सामना खऱ्या अर्थाने बरोबरीचा होतो.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे एखादे मूल आहे, त्यांनी एकच गोष्ट करावी. येत्या सोमवारपासून दोन आठवडे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या दिवसाच्या चौकोनात मूल किती वाजता निजले आणि किती वाजता उठले, एवढेच लिहावे. कोणास रागे भरू नये, काही बदलू नये, नुसते लिहावे. चौदा दिवसांनी बेरीज करावी आणि ती सर्व घराने मिळून पाहावी, मुलासही दाखवावी. बेरीज पुरेशी असेल तर देवाचे आभार मानावेत. अपुरी असेल तर जेवणाची वेळ कितीने अलीकडे आणावयाची, हे त्याच रात्री, शक्य तर आठच्या आत, ठरवून टाकावे.